वक्रतेवांचून भिंग

मृगजळ हें कवींचें आवडतें उपमान असलें, तरी त्याचें मर्म प्रकाशशास्त्रांत आहे. तापलेल्या भूमीलगतची हवा विरळ व वरची दाट असते. या क्रमिक फरकामुळें प्रकाशकिरण हळूहळू वळतो. निसर्गानें हीच युक्ति आपल्या डोळ्यांतही योजिली आहे. नेत्रमण्याचा वक्रीभवनांक, म्हणजे किरण वळविण्याचें सामर्थ्य, गाभ्यांत सुमारें १.४१ असून कडेकडे तो १.३९ पर्यंत उतरतो.

मनुष्यानें मात्र शतकानुशतकें कांच घांसूनच भिंगें केलीं. घांसण्यानें पृष्ठभागास वक्रता येते. अंतरंग एकजिनसीच राहतें. तेंच क्रमानें बदलतें ठेविल्यास सपाट चकतीही किरण एकत्र आणील. बदलत्या वक्रीभवनांकाच्या भिंगाचें गणित मॅक्सवेलनें इ. स. १८५४ मध्येंच मांडलें होतें.

अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेनें इ. स. २०२० मध्यें अशी कांच थरावर थर रचून घडविल्याचें प्रसिद्ध केलें. एका लगद्यांत सिलिकाचे सूक्ष्म कण, दुसऱ्यांत त्यांजबरोबर टायटॅनियमचें संयुग. दोहोंचें प्रमाण बदलीत बारीक नळीनें रेघा ओढावयाच्या. टायटॅनियम अधिक, तेथें वक्रीभवनांक अधिक. नंतर तो पिंड वाळवून भट्टींत तापविला, म्हणजे पारदर्शक कांच होते. घांसणें उरतें तें केवळ सपाटीपुरतें.

खरी कसोटी आहे ती रचनेची. तापवितांना पिंड आकसतो, आणि आकसणें विषम झालें कीं तडा जातो. घांसणारा कारागीर उणीव दिसतांच हात सांवरतो. कांचेच्या पोटांतील उणीव मात्र मागाहून काढतां येत नाहीं. म्हणून पहिली रेघ ओढण्यापूर्वींच प्रत्येक बिंदूचा हिशेब पुरा व्हावा लागतो.