माऊस बदलण्याआधी रिसिव्हर हलवा

पडद्यावरचा बाण अडखळत चालतो, मधेच थिजतो, क्लिक भलत्याच रकान्यात पडते. सेल बदलून होतात, माऊस टेबलावर आपटूनही होतो. शेवटी नवा वायरलेस माऊस घरी येतो आणि तोही तसाच वागतो! पुन्हा दुकान गाठण्याआधी एकदा वाकून कॅबिनेटच्या मागे पाहा.

माऊसबरोबर आलेला नखाएवढा रिसिव्हर बहुतेक डेस्कटॉपना मागच्या बाजूलाच खोचलेला असतो. माऊस टेबलावर, कॅबिनेट टेबलाखाली आणि दोघांच्या मधे पत्र्याची पेटी. रेडिओलहरी लाकडातून जातात, पत्र्यातून जात नाहीत. त्यातून माऊसचा संदेश मुळातच क्षीण, कारण एका सेलवर त्याला कित्येक महिने काढायचे असतात.

शिवाय तिथे गर्दी असते. असे बहुतेक माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. ब्लूटूथ आणि बरेचसे वायफाय याच पट्ट्यातले. मायक्रोवेव्ह ओव्हनही इथलाच. पण सर्वात त्रासदायक शेजारी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे यूएसबी ३.० चा, बहुधा आतून निळा असलेला पोर्ट. त्यातून सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत माहिती धावते आणि त्या धावपळीचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो. इंटेल कंपनीनेच २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केले होते. बाहेरची हार्ड डिस्क जोडून फोटो कॉपी करताना माऊस हमखास अडखळत असेल, तर चोर सापडला म्हणायचे. रिसिव्हर धडधाकट असतो, त्याला त्या गोंगाटात ऐकू येत नाही एवढेच.

उपाय स्वस्त आहे. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, ती शक्यतो काळ्या, यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा आणि रिसिव्हर टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर ठेवा. हार्ड डिस्क आणि तिची वायर त्याच्यापासून दूर सरकवा. वायर मिळेपर्यंत रिसिव्हर समोरच्या पोर्टमध्ये लावला तरी फरक जाणवतो. राऊटर ड्युअल बँड असेल तर संगणकाचे वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे, म्हणजे गर्दी आणखी कमी होते.

एवढे करूनही बाण थरथरतच राहिला, तर टेबलाला काच आहे का ते बघा. माऊसच्या पोटातल्या सेन्सरला गुळगुळीत काचेवर खुणाच दिसत नाहीत. खाली जुनी वही ठेवली तरी चालते.