लघवीच्या पिशवीची गोष्ट

हसा, हसा! लघवी म्हटलं की तुम्हाला खुदूखुदू हसू फुटणारच. पण आजची गोष्ट मूत्राशयाचीच आहे.

मोठ्या माणसाच्या या पिशवीत साधारण अर्धा लिटर लघवी मावते. भरली की ती चांगली ताणली जाते, तरी आतली घाण रक्तात झिरपू देत नाही. ही करामत आतल्या अस्तरातल्या छत्रीपेशींची. निऱ्यांत साडी दडवावी तसा जादा पडदा या पेशी आपल्या पोटात बारीक बारीक पुड्यांत ठेवतात. पिशवी फुगली की बाहेर काढतात, रिकामी झाली की परत आत ओढून घेतात.

काही मुलांचा पाठीचा कणा आईच्या पोटातच नीट मिटत नाही. नसा दुखावतात, पिशवी आक्रसून कडक होते, आतला दाब वाढून मूत्रपिंडांवर येतो. मग डॉक्टर पिशवीला आतड्याचं ठिगळ लावून ती मोठी करतात. पण आतड्याचा धर्मच शोषून घेण्याचा! टाकायचं तेच ते परत रक्तात धाडतं. वर त्याचा बुळबुळीत स्राव, आणि खडे.

बॉस्टनमध्ये डॉ. अँथनी अटाला यांनी काय केलं, मुलांच्याच मूत्राशयाचा चिमुकला तुकडा घेतला. त्यातल्या अस्तराच्या आणि स्नायूंच्या पेशी निवडून वेगवेगळ्या वाढवल्या आणि विरघळणाऱ्या साच्यावर बसवल्या, अस्तर आतून, स्नायू बाहेरून. सगळं मिळून सातेक आठवडे. मग ती पिशवी मुलाच्या मूळ पिशवीला शिवली. अशा सात मुलांची हकिगत 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

‘मग ती मुलं आपापली शू करायला लागली?’

नाही रे. नसा दुखावलेल्याच होत्या, त्यामुळे लघवी काढायची नळी काही सुटली नाही. पुढच्या एका चाचणीत तर पिशव्यांनी निराशाच केली. छापून येतं त्याच्या पुढचंही वाचावं, ते यासाठीच.

आणि मूत्राशयालाच कर्करोग असेल तर? तिथला तुकडा वाढवायला घ्यायला कोण धजेल! इथं जपानचे शिन्या यामानाका कामी आले. साध्या त्वचेच्या पेशीला मागं फिरवून हवी ती पेशी बनू शकणारी मूळपेशी करता येते, हे त्यांनी दाखवलं. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अशाच मूळपेशींना टप्प्याटप्प्यानं रसायनं देऊन मूत्राशयाच्या अस्तराकडे वळवलं. 2014 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. म्हणजे अस्तराच्या पेशी आता मूत्राशयाला हात न लावता मिळू शकतात. स्नायू, रक्तवाहिन्या आणि ‘आता आवळ’ म्हणून सांगणाऱ्या नसा यांची जुळणी मात्र अजून व्हायची आहे.