मयत खातेदार आणि मेलेले शेरे

सातबारा हातात पडला की बहुतेक जण आधी नाव बघतात, मग क्षेत्र. तलाठ्याची नजर मात्र ‘इतर अधिकार’ या रकान्यात जाते. कर्जत-खालापूरच्या जुन्या सातबाऱ्यांवर तिथे काय काय निघतं! ज्या बांधाचा मागमूस राहिला नाही त्याचा बंडिंगचा बोजा, आजोबांच्या काळातली तगाई, नातवंडं खेळवणाऱ्या माणसापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान असल्याचा शेरा. कर्ज फिटलं, मूल मोठं झालं, पण नोंद काढायला कोणी आलंच नाही.

संगणकाच्या दुनियेतही हे दुखणं आहे. मायएसक्यूएलमधलं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन कुठला तक्ता कुठल्या फाइलीत आहे याची, सर्व्हरच्या यादीखेरीज, स्वतःची वेगळी यादी ठेवायचं. तक्त्याची रचना बदलत असताना सर्व्हर मध्येच कोसळला की अर्धवट तयार झालेला तात्पुरता तक्ता मागे राहू शकायचा. कधी यादीत नाव असायचं पण डिस्कवर फाइल नसायची, कधी त्याच्या उलट. वैतागून नुसती फाइल उडवली तर यादीतलं नाव तसंच राहायचं आणि इंजिन तक्रार करत बसायचं. 2018 मध्ये आलेल्या 8.0 आवृत्तीने सर्व्हरची आणि इंजिनाची यादी एकच केली, आणि रचनेतला बदल एक तर पुरता व्हावा नाहीतर मुळीच होऊ नये, अशी सोय केली.

महसुलात तशी सोय कुठून असणार? माणूस मरतो त्या दिवशी फेरफार आपोआप होत नाही. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत होते, जमिनीची तलाठी दप्तरात. दोन दप्तरं, आणि मधला दुवा म्हणजे वारसांचा अर्ज. कर्जतची लोकल पकडून मुंबईला नोकरीला गेलेली, डोंबिवली-कल्याणला स्थायिक झालेली घरं हा अर्ज वर्षानुवर्षं करत नाहीत. जमीन विकायची वेळ आली, किंवा पनवेल-कर्जत रेल्वेमार्गासारख्या कामात भूसंपादनाचा मोबदला समोर दिसला, की मग धावपळ सुरू होते.

त्यासाठी 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. आधी बुलढाण्यात, मग 1 एप्रिल ते 10 मे या काळात राज्यभर. पहिले पाच दिवस चावडी वाचन आणि मयत खातेदारांची यादी, पुढचे पंधरा दिवस वारसांचे कागद आणि स्थानिक चौकशी, उरलेल्या दिवसांत ई-फेरफार प्रणालीत नोंदी. दुसऱ्या टप्प्यात कालबाह्य शेरे घेतले: तगाई, बंडिंग, अ.पा.क., एकुमे.

एकुमे म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेल्यावर थोरल्या भावाचं नाव लागलं आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलं, की धाकटे भाऊ कागदावर त्या अक्षरांच्या आडोशालाच राहतात. तो शेरा जुना म्हणून नुसता पुसला तर थोरला एकटाच मालक दिसू लागेल. म्हणून शेरा कमी करायचा तो बाकीच्यांची नावं दाखल करूनच. साफसफाईतलं खरं कौशल्य इथे लागतं: या नोंदीला अजून कोण लटकलेलं आहे, हे आधी बघायचं.

कुळाच्या नोंदीत तर हे फारच खरं. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारं कूळ कुळकायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. पण त्या कायद्याच्या कलम 32-ग खाली किंमत ठरणं आणि 32-म चं प्रमाणपत्र मिळणं यांतलं काही राहून गेलं, तर कुळाचं नाव इतर अधिकारातच पडून राहतं. आता फार्महाऊससाठी कर्जतला आलेल्या मुंबईच्या गिऱ्हाइकाला ‘क्लिअर टायटल’ हवं असतं. त्याला आणि एजंटाला ते नाव केवळ अडगळ वाटतं. प्रत्यक्षात त्या एका ओळीवर एखाद्या घराचा सगळा हक्क उभा असू शकतो. तलाठ्याला ती परस्पर काढता येत नाही. तो विषय तहसीलदारापुढे, शेतजमीन न्यायाधिकरणाचा.

उलट उदाहरण मुंबईचं. विक्रोळीच्या जमिनीवर 1956 मध्ये वन कायद्याच्या कलम 35(3) ची नोटीस निघाली आणि तशीच पडून राहिली. अर्ध्या शतकाने तिच्याच आधारावर जमीन खासगी वन ठरवली गेली. गोदरेज अँड बॉइस प्रकरणात 30 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. मेलेली नोंद वेळेवर काढली नाही, तर ती अशी उठून बसते.

खोडण्याची रीतही बघण्यासारखी आहे. सातबाऱ्यावरून काहीच नाहीसं होत नाही. पूर्वी मयताच्या नावाला नुसता कंस व्हायचा, 2020 च्या नव्या नमुन्यात त्यावर आडवी रेघही आली. नोंद काढायची तर नवा फेरफार घ्यावा लागतो. त्याला क्रमांक मिळतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. केवळ लेखनप्रमाद असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 155 आहे.

पंधरा दिवसांत हरकत आलीच तर बहुधा आत्याकडून येते. भावांनी वारसांच्या यादीत तिला धरलेलंच नसतं; ‘ती काय हिस्सा मागणार आहे?’ असं म्हणून. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, तोंडी सोडून भागत नाही. मग प्रकरण सहा-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढतं, सुनावणीची तारीख पडते, आणि तोवर सातबाऱ्यावर खातेदार आजोबाच.