दुरुस्तीनंतरचा बिघाड

मोटार दुरुस्त होऊन घरीं येते आणि दोनचार दिवसांतच वाटेंत उभी राहते, हा अनुभव बहुतेक मोटारवाल्यांच्या पदरीं कधीं ना कधीं आलेला असतो. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मिस्त्रीनें फसविलें. दुसरा म्हणतो, जुन्या यंत्राचें असेंच व्हावयाचें. दोन्ही पक्ष इंजिनावरचें झाकण न उघडतांच निकाल देतात, म्हणून मला दोन्ही मान्य नाहींत.

पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा कीं, दुरुस्तीनंतर इंजिन मुळींच सुरू झालें नाहीं, कीं कांहीं मैल चालून मग थांबलें? या उत्तरांत निम्में निदान असतें. मुळींच सुरू न झालेल्या इंजिनांत एखादा भाग चुकीचा बसला असण्याचा संभव मोठा. चालून थांबलेल्या इंजिनांत कांहीं तरी सैल राहिलें किंवा मागाहून हललें, असें धरून शोध घ्यावा. अर्थात् दुरुस्तीशीं संबंध नसलेला बिघाडही होऊं शकतो. पेट्रोल संपल्यानेंही गाडी थांबते, आणि ही गोष्ट माणसें सर्वांत शेवटीं पाहतात!

१९९४ सालीं आमच्याकडे वडिलांच्या वेळची पद्मिनी होती. चार सिलिंडरांची, १०८९ सी. सी.ची. हेडचें गॅस्केट जळल्यामुळें तें नवें घालून घेतलें होतें. आठवड्यानें आईला घेऊन मुंबईहून पुण्यास निघालों. द्रुतगतिमार्ग तेव्हां झालेला नव्हता. खोपोलीपर्यंत गाडी निमूट आली, आणि खंडाळ्याचा घाट चढूं लागतांच तिचा दम सरला. सायलेन्सरमधून फटाक्यासारखे बार झाले व एका वळणावर ती थांबली. दिवस मावळत होता. आई मागें बसून कांहींच बोलत नव्हती; त्यामुळें मी अधिकच अस्वस्थ झालों. चाकांमागें दगड लावले व तीन वेळां स्टार्टर फिरविला. तसाच फिरवीत राहिलों असतों तर बॅटरीही गेली असती.

मग मात्र कान दिला. स्टार्टर फिरतांना पिस्टन हवा दाबतो व क्षणभर अडतो. म्हणून निरोगी इंजिनाचा आवाज ठेक्यांत येतो. तो ठेका मोडून यंत्र भरभर फिरलें असतें, तर दाब गेला, बहुधा नवें गॅस्केटच फुटलें, असें समजलों असतों. ठेका शाबूत होता. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येत होतें. एक प्लग काढून, तार जोडून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून पाहिला. ठिणगी चांगली होती. दाब, इंधन, ठिणगी तिन्ही असून इंजिन पेटेना, म्हणजे ठिणगी अवेळीं पडत असली पाहिजे.

ही वेळ साधणारा भाग म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. पिस्टन वरच्या टोकास पोहोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडावी लागते. तिला उशीर झाला कीं जोर घटतो, इंजिन तापतें व न जळलेला वायू सायलेन्सरमध्यें पेटतो. गॅस्केटच्या कामांत मिस्त्रीनें डिस्ट्रिब्यूटर काढून पुन्हां बसविला होता. मीं त्याला हात लावला, तों तो बरणीच्या झाकणासारखा फिरला! खालचा नट सैल होता. तेलकट मळाच्या थरांत त्याची मूळची जागा उमटलेली होती. त्या खुणेवर आणून नट आवळला, आणि पहिल्याच फिरकीस इंजिन बोलूं लागलें.

आतांच्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर राहिलेला नाहीं. ठिणगीची वेळ संगणक ठरवितो. परंतु पुष्कळ इंजिनांत क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना जोडणारा दांतेरी पट्टा असतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले कीं कॅमशाफ्टचा एक, हा मेळ तो पट्टा राखतो. पट्टा बदलल्यावर गाडी सुरू न झाली, तर कृपा करून स्टार्टर पुन्हां पुन्हां फिरवूं नका. कित्येक इंजिनांत उघडी झडप व वर येणारा पिस्टन एकाच जागेंत पाळीपाळीनें येतात. मेळ चुकला तर पिस्टन झडपेवर आदळून तिला वांकवितो, आणि पट्टा नीट बसविण्याचें काम हेड उतरविण्याच्या खर्चावर जातें. तसाच तेलाच्या दाबाचा लाल दिवा. तो पेटल्यावर फर्लांगभरही पुढें जाऊं नये.

पुण्याहून परतल्यावर मिस्त्रीकडे गेलों. रागें भरावयाचें ठरवूनच निघालों होतों. पण ठेका शाबूत होता, बार सायलेन्सरमधून होत होते, नट सैल सांपडला, एवढेंच सांगितलें. त्यानें मुकाट्यानें ऐकून घेतलें, ठिणगीची वेळ पुन्हां तपासली, नट आवळला, आणि लोखंडी टोच्यानें डिस्ट्रिब्यूटरवर व त्याच्या बैठकीवर मिळून एक सरळ रेघ ओढली. पैसे त्यानें घेतले नाहींत.