मागावरची पॉप आर्ट आणि पैठणीचा पदर

साध्या कापडात आडवा धागा, म्हणजे बाणा, या काठापासून त्या काठापर्यंत सलग जातो. त्यामुळे दौंड-शिरूर भागात मेंढपाळांच्या खांद्यावर दिसणाऱ्या घोंगडीत रंग बदलला, तरी पट्टे उमटतात, आकृती उमटत नाही. टॅपेस्ट्री या विणकामात मात्र प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या आकाराच्या हद्दीपर्यंतच जातो आणि तेथून मागे वळतो. उभ्या धाग्यांच्या, म्हणजे ताण्याच्या, आधाराने असे शेजारी-शेजारी वळणारे रंग मिळून चित्र तयार होते. महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. पैठणीच्या पदरावरचा मोर याच तत्त्वाने विणला जातो. प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी असते, दोन रंग भेटतात तेथे धागे एकमेकांत अडकवले जातात, आणि म्हणूनच अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही जवळजवळ सुलटाच दिसतो.

पॉप आर्ट ही 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये आणि पुढे अमेरिकेत बहरलेली चित्रप्रवृत्ती जाहिराती, चित्रकथा, वेष्टने आणि प्रसिद्ध चेहरे यांना चित्रविषय मानणारी होती. अँडी वॉरहॉल यांनी 1962 मध्ये सुपाच्या डब्यांची 32 चित्रे मांडली. रॉय लिक्टेन्स्टाइन यांनी स्वस्त छपाईतले रंगीत ठिपके मोठे करून कॅनव्हासवर आणले. यंत्राने झटपट काढलेल्या आणि एकसारख्या प्रतींचे जग हा या कलेचा प्राण असल्याने, तिने हातमागासारख्या संथ साधनाकडे वळावे हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु या कलेतील सपाट रंग आणि ठळक बाह्यरेषा टॅपेस्ट्रीच्या प्रकृतीला मानवणाऱ्या आहेत.

एडिनबरा येथे 1912 मध्ये स्थापन झालेल्या डव्हकॉट या विणकामशाळेत संचालक आर्ची ब्रेनन यांच्या काळात हे नाते विशेष फुलले. ब्रिटिश पॉप आर्टचे एक प्रवर्तक एदुआर्दो पाओलोझ्झी यांच्या कल्पनेवरून तेथे 1968 मध्ये मँचेस्टरच्या व्हिटवर्थ कलादालनासाठी टॅपेस्ट्री विणली गेली, तर स्वतः ब्रेनन यांनी 1973 मध्ये मुष्टियोद्धा महंमद अली यांची प्रतिमा विणली. अशा कामात विणकर हा नकलाकार उरत नाही, कारण चित्रातली गोलाई मागावर बारीक पायऱ्यापायऱ्यांनीच साधावी लागते. पायरी किती रुंद ठेवायची, ठिपका किती धाग्यांवर बसवायचा, छपाईच्या शाईचा तजेला प्रकाश शोषणाऱ्या लोकरीत कोणत्या छटेने आणायचा, हे सारे निर्णय त्याचेच असतात, आणि खालचा भाग विणून वर सरकल्यावर ते सहजी बदलता येत नाहीत. कागदावरील आराखड्याखाली चित्रकाराची सही असली, तरी कृतीच्या कर्तृत्वात विणकराचा वाटा मानलाच पाहिजे.

चित्रकार आणि माग यांची अशीच गाठ मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात पडली. नागाव येथे 1936 मध्ये जन्मलेले आणि ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले चित्रकार प्रभाकर बरवे 1961 मध्ये विणकर सेवा केंद्राच्या सेवेत आले आणि प्रारंभीची काही वर्षे त्याच्या वाराणसी शाखेत राहून पुढे मुंबईत दीर्घकाळ काम करीत राहिले. घड्याळ, पान, सेफ्टी पिन अशा नेहमीच्या वस्तू त्यांच्या चित्रांत सपाट, स्वच्छ रंगांत येतात, म्हणून त्यांना पॉप आर्टमध्ये बसवण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळावा, कारण पॉप आर्ट वस्तूला तिच्या बाजारी रूपासह उचलते, तर बरवे तिला उपयोगापासून सोडवून रिकाम्या अवकाशात एकटी ठेवतात.

अशा आधुनिक प्रतिमा मागावर उतरवण्यासाठी लागणारे मूलभूत कौशल्य पैठणी विणणाऱ्या येवल्याच्या विणकरांच्या हातात आहेच. चेहरा, अक्षर किंवा भित्तिपत्रकाचा तुकडा त्यांच्या कांड्यांना अशक्य नाही. मात्र साडीच्या मागणीबाहेरचे काम त्यांना नियमित मिळावे, त्याचा मोबदला दिवसांच्या हिशेबाने ठरावा आणि पूर्ण झालेल्या कृतीवर आराखडा करणाऱ्याच्या नावाशेजारी विणणाऱ्याचे नावही लिहिले जावे.