रंग गेला, पण गेला कुठे?

नारळाच्या करवंटीचा कोळसा, त्यावर चांदीचे नॅनोकण आणि बघता बघता नितळ होणारं निळं पाणी. सायन्सच्या प्रोजेक्टसाठी एकदम भारी विषय! पण पाणी नितळ झालं म्हणजे ते स्वच्छ झालं का?

ऑगस्ट 2017. नवी मुंबईच्या तळोजा एमआयडीसीत चक्क निळी कुत्री फिरताना दिसली. फोटो जगभर व्हायरल झाले, लोक हसलेही. एका कारखान्यातून बाहेर पडणारा रंग त्या भटक्या कुत्र्यांच्या अंगाला लागला होता. बोंबाबोंब झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला.

रंगाचं एक बरं असतं, तो दिसतो. पाण्यात शिसं असेल तर कुणाला कळणारही नाही, पण नाला लाल-निळा वाहायला लागला की शाळेतलं पोरगंही बोट दाखवतं. कापडाच्या गावांना हे सांगायला नको. इचलकरंजीत यंत्रमाग आहेत, प्रोसेस हाऊस आहेत, त्यावर हजारो घरं चालतात. आणि खाली पंचगंगेच्या काठावर शिरोळ तालुक्यातली गावं आहेत, जी नदीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करतायत. अर्थात पंचगंगेत फक्त रंग जातो असं नाही, शहरांचं सांडपाणीही जातं. पण रंगाचा प्रश्न जरा वेगळा आहे.

का? कारण कापडाचा रंग टिकावा म्हणूनच तयार केलेला असतो. ऊन, साबण, घाम, कशानेच तो जाता कामा नये. ज्या गुणासाठी आपण शर्टाला चार पैसे जास्त मोजतो, तोच गुण नदीत डोकेदुखी होतो. सुती कापडासाठी जे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात, त्यातला काही भाग धाग्याला चिकटतच नाही, धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. सोबत ढीगभर मीठही जातं, कारण मिठाशिवाय तो रंग कापडावर नीट चढत नाही. रंगाने गढूळलेल्या पाण्यात ऊन खोलवर पोचत नाही, मग पाण्यातल्या वनस्पतींची उपासमार. आणि सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही हे रंग सहजासहजी खात नाहीत.

इथे एन्ट्री होते कोळशाची. साध्या नव्हे, सक्रिय कोळशाची, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची. घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये जे काळं कार्ट्रिज असतं ना, तेच हे. करवंटी हवेशिवाय जाळायची आणि मग त्या कोळशाला 800-900 अंशाच्या आसपास वाफ द्यायची. त्याने आत असंख्य बारीक भोकं पडतात. किती? चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग साधारण 1000 चौरस मीटर भरतो. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं. म्हणजे चिमूटभर पुडीत सात-आठ मैदानं! रंगाचे रेणू या भिंतींना जाऊन चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. शोषण नव्हे बरं का, व्हायव्हात हमखास विचारतात. स्पंज पाणी आत ओढून घेतो ते शोषण, पृष्ठभागावर चिकटणं ते अधिशोषण.

मग चांदी कशाला? कोळसा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवायचा आणि त्या चांदीचे कण तिथल्या तिथे तयार करायचे. अनेक कॉलेजांत त्यासाठी कडुनिंबाच्या किंवा तुळशीच्या पानांचा अर्क वापरतात. हे कण 100 नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. आपला केस त्यापुढे काही शे पट जाड. काही रंगांना चिकटायला त्यामुळे नव्या जागा मिळतात, शिवाय कोळशावर जिवाणूंची बुळबुळीत साय धरत नाही. हा दुसरा गुण आपल्याकडे बाजारातही पोचलाय. 2009 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ फिल्टरमध्ये भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण होते आणि त्यामागच्या संशोधनात पुण्याच्या टाटा रिसर्च सेंटरचा मोठा वाटा होता. तिथे चांदीचं काम जंतू मारणं हे होतं, रंग काढणं नव्हे.

चांदीची आणखी एक करामत आहे. पाण्यात सोडियम बोरोहायड्राइड घातलं तर चांदीचा कण मधल्या एजंटसारखा वागतो. इकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे, तिकडे रंगाच्या रेणूला द्यायचे. मिथिलीन ब्लूचा निळा रंग डोळ्यांदेखत उडतो. रील करायला परफेक्ट.

पण खरी गंमत इथेच आहे. रंग उडाला, रेणू कुठे गेला? मिथिलीन ब्लू फक्त आपल्या रंगहीन रूपात गेलेला असतो. हवेतला ऑक्सिजन मिळाला की तो परत निळा होऊ शकतो. ग्लुकोज आणि कॉस्टिक सोडा घालून बाटली हलवायची, पाणी निळं, ठेवली की रंगहीन, हा लॅबमधला जुना खेळ त्यावरच चालतो. अ‍ॅझो रंगांचं प्रकरण याहून गंभीर. त्यातला नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की रंग जातो, पण मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स उरतात आणि त्यातली काही कॅन्सरला कारण ठरणारी आहेत. म्हणजे दिसणारा त्रास गेला, न दिसणारा आला.

आणि नुसतं चिकटवलं, तर रंग कोळशात बसला. कोळसा भरला की त्याचं काय? पुन्हा भट्टीत तापवा किंवा घातक कचरा म्हणून विल्हेवाट लावा. चांदीही हळूहळू सुटून पाण्यात येते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने चांदीची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम ठेवली आहे. हीच चांदी सीईटीपीतल्या, म्हणजे सामूहिक सांडपाणी प्रकल्पातल्या कामाच्या जिवाणूंनाही मारू शकते. खर्चाचं तर बोलायलाच नको. एक किलो कोळशात एक टक्का चांदी म्हणजे 10 ग्रॅम. प्रोसेस हाऊसला टनाने कोळसा लागला, तर टनाला 10 किलो. आजचा भाव बघा आणि तुम्हीच गुणाकार करा.

म्हणून हा विषय सोडून द्यायचा का? मुळीच नाही. फक्त ‘आविष्कार’च्या पोस्टरवर ‘नव्वद टक्क्यांहून जास्त रंग काढला’ एवढंच लिहून थांबलात, तर ते अर्धंच काम. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकच रंग विरघळवून घेतलेला आकडा आणि खऱ्या नाल्यातलं मीठ, साबण, स्टार्च, पाच रंगांचं मिश्रण यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. प्रोसेस हाऊसमधून परवानगीने बाटलीभर पाणी आणा. तोच कोळसा पाच वेळा वापरून बघा. चांदी नसलेला साधा कोळसा शेजारी ठेवून तुलना करा, कारण कधी कधी चांदी भोकंच बुजवते आणि साधा कोळसाच सरस निघतो. बाहेर आलेल्या पाण्यात चांदी किती, हे विद्यापीठाच्या मशीनवर मोजून घ्या.

एक चाचणी तर घरीही होते. रंगीत पाणी, शुद्ध केलेलं पाणी आणि नळाचं पाणी अशा तीन बशा घ्या, प्रत्येकीत ओल्या टिपकागदावर वीस-वीस मूग ठेवा आणि तीन दिवसांनी कोंब मोजा. नितळ पाण्याच्या बशीत मूग रुजलेच नाहीत, तर तो आकडाही पोस्टरवर टाका.