हापूस आणि अवेळी हवा

हापूसला थंडी लागते, पण ती वेळेवर. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात जमीन वाळते, आलेली पालवी जून होते. मग डिसेंबरात रात्री पुरेशा गार होऊ लागल्या की काडीच्या टोकाचे डोळे फुगतात आणि मोहोर बाहेर पडतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर ओल हटत नाही, काडी मोहोराऐवजी पुन्हा पालवी काढते आणि हंगाम तिथेच मागे पडतो. रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ल्याच्या कातळावरच्या बागांत वसंताचे गणित असे आधीच निम्मे ठरलेले असते.

एका मोहोरावर शेकडो फुले असतात, पण त्यांतली बहुतेक नर. ज्यांत फळ धरू शकते अशी संयुक्त फुले हापूसमध्ये मुळातच कमी. फळ धरले की नाही हे पाहायला मोहोर हातात धरून निरखावा लागतो: पाकळ्या वाळून गळलेल्या जागी मोहरीच्या दाण्याएवढी हिरवी कणी दिसते. पुढे कणीचा वाटाणा होतो, मग सुपारी, मग अंडे. बागेत फळाचे वय याच मापांनी सांगतात. अंड्याच्या मापापर्यंत पोचणारी फळे शेकडा फुलांमागे एकही भरत नाहीत, म्हणून मधल्या प्रत्येक गळीचा हिशेब चुकता करावा लागतो.

यातली सर्वांत फसवी गळ थंडीची. पहिल्या मोहोराला वाटाण्याएवढी फळे असताना, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत पुन्हा कडाका पडला की त्याच काडीवर जुन्या मोहोराच्या बुडाशी नवा मोहोर फुटतो. रस्त्याने जाणाऱ्याला बाग दुसऱ्यांदा बहरलेली दिसते. बागायतदाराच्या मात्र पोटात गोळा येतो. झाडातले अन्न नव्या मोहोराकडे वळते, आधीच्या फळांचे देठ पिवळे पडतात आणि नुसते बोट लागले तरी फळ सुटते. हा पुनर्मोहोर. तो रोखण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ५० पीपीएम जिब्रेलिक ॲसिडच्या फवारणीची शिफारस केली आहे. फवारणी वेळेत झाली तरच तिचा उपयोग. नवा मोहोर डोळ्यांना दिसू लागल्यावर तो खर्च वाया जातो.

मळभ वेगळा त्रास देते. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे वाढतात, मोहोरातला रस शोषतात आणि त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. त्यात एखादी सर आली की करपा येतो, मोहोर काळा पडतो आणि मारलेले औषधही धुऊन जाते. फवारणीचे वेळापत्रक अशा वर्षी कागदावरच राहते.

मग उन्हाळा लवकर येतो. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरले. अशा उन्हात सुपारीएवढी फळे गळतात, मोठ्या फळांच्या उन्हाकडच्या बाजूला साल भाजून तांबूस डाग पडतो. तापलेल्या कातळाची झळ खालूनही लागते, आणि साक्याचा तिच्याशी संबंध आहे. साका झालेले फळ बाहेरून निर्दोष असते; कापल्यावर कोयीजवळ फिकट, आंबूस, पोकळसर गर निघतो. गिऱ्हाईक बिघडते ते यामुळे. झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने झाडामागे १५० ते २०० लिटर पाणी दिले तर गळही कमी होते. पण कातळावर एवढे पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न शिफारशीत सुटत नाही. अंड्याएवढ्या फळाला कागदी पिशवी घातली तर डाग आणि फळमाशी दोन्ही टळतात. मजुरी मात्र वाढते.

मोहोर मागेपुढे आला की काढणीही लांबते. झाडावर एकाच वेळी तयार फळ, कैरी आणि कणी असते. झेल्याने निवडून तोड करावी लागते, आणि उशिराचे फळ पावसात सापडते. २०२५ मध्ये एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला. भिजलेल्या फळावर काळे ठिपके उठतात, अढीत ते पिकण्याआधी कुजू लागते. असा माल पेटीत भरता येत नाही. तो किलोच्या भावाने कॅनिंगला जातो.